बोलकी, अबोली आणि अर्धा फेरा

तिला घरात टकळी म्हणत. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त बँकेत आणि पासपोर्टवर उरलं. सासऱ्यांना तरी काय बोल लावणार? ही बाई एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. दुधवाल्याशी बोलेल, लिफ्टमधल्या परक्या माणसाशी बोलेल, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाचीसुद्धा तब्येत विचारेल आणि मग फोन ठेवेल. तोंडात तीळ भिजायचा नाही, त्यामुळे घरातली गुपितं आधी तिच्यापासून लपवावी लागत.

आणि अशा बाईने उभं आयुष्य घालवलं ते दोन मुक्या ताऱ्यांच्या मागे. नोकरी एका संशोधन संस्थेत. "मी एक्स-रेवर काम करते," असं ती एकदा जिन्यात बोलून गेली, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी गुडघ्याची फिल्मच आणून तिच्या हातात ठेवली. दुसरी असती तर हसून परत दिली असती. टकळीने ती खिडकीशी धरली, "मला यातलं ओ की ठो कळत नाही हो," असं म्हणाली आणि त्यांना समोर बसवून आपले एक्स-रे समजावून सांगितले. बिचारे गुडघा धरून आले होते, डोकं धरून गेले.

मी तुमचं डोकं खाणार नाही, पण एवढं सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. मोठा तारा मरतो तेव्हा आपल्याच अंगावर कोसळतो आणि मागे एक गोळा उरतो. आकाराने एखाद्या शहराएवढा आणि वजनाने आपल्या सूर्यापेक्षा भारी. त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दीपगृहाचा दिवा जसा फिरता फिरता झळकतो तसा आपल्याला ठोके देतो. टकळीच्या वाट्याला आले होते ते असे दोन, एकमेकांभोवती फेर धरलेले. अशी जोडी मिळणं फार दुर्मीळ. त्यातली एक सेकंदात पन्नासदा तरी गिरकी घ्यायची, दुसरी मात्र दोन-तीन सेकंदांनी सावकाश एक. संस्थेच्या कागदावर दोघींना लांबलचक आकडे होते. टकळीला आकड्यांत बोलायला आवडत नसे, म्हणून तिने पहिलीचं नाव ठेवलं बोलकी आणि दुसरीचं अबोली. घरी येऊन सांगितलं, "या दोघी म्हणजे जावा आहेत जावा. एकमेकींना सोडत नाहीत आणि जवळही येत नाहीत."

तेव्हा स्वयंपाकघरात तिची थोरली जाऊ भाजी चिरत होती. ती म्हणाली, "हं."

ही थोरली जाऊ, म्हणजे वहिनी. वहिनीच्या बोलण्याचा हिशेब करायचा तर "हं" आणि "असू दे" यातच दिवस सरायचा. घर एकत्र, दोघी जावांच्या खोल्यांची दारं समोरासमोर. टकळीची लेक चार महिन्यांची होती तेव्हा तिने शिक्षण सोडायचं ठरवलं होतं. पुस्तकांची खोकी बांधून दारात ठेवली होती. वहिनी बाहेरून आली, खोक्याला पाय अडखळला, तशीच पोरीला उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली आणि जाता जाता म्हणाली, "माझे दोन आहेत. दोन काय नि तीन काय. तू जा." टकळी गेली. त्यानंतर किती वर्षं ती जातच राहिली, परगावी, परदेशी, परिषदांना. लेकीचे दात वहिनीसमोर आले आणि वहिनीसमोर पडले. टकळीने जगभरच्या लोकांशी बोलून घेतलं. वहिनीशी मात्र या सगळ्याबद्दल एक शब्द बोलायचा राहून गेला. म्हणजे मनात होतं, रोज होतं. पण रोज जिच्याशी पाण्याच्या मोटरीबद्दल आणि इस्त्रीच्या कपड्यांबद्दल बोलायचं, तिच्याशी असलं बोलणं काढायचं तरी कुठून?

असो. ताऱ्यांकडे येते.

जमिनीवरच्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणी या दोघींचे ठोके ऐकत असत. मग एका वर्षी अबोली मंद होत होत गप्पच झाली. झालं होतं असं की भोवरा डुलतो तशी ती डुलत होती आणि तिचा झोत आपल्या अंगावरून सरकून दुसरीकडे गेला होता. लोकांनी तिचा नाद सोडला. टकळीने सोडला नाही. तिचं म्हणणं असं की रेडिओचा झोत असतो अरुंद, पण अबोलीच्या तापलेल्या अंगातून एक्स-रेचा जो उजेड पडतो तो चांगला ऐसपैस पसरतो. झोत चुकला तरी तो उजेड आपल्यापर्यंत यायला हवा आणि तिच्या गिरकीबरोबर कमी-जास्त व्हायला हवा. आता गोम अशी की ताऱ्यांकडून येणारे एक्स-रे आपली हवा खाली उतरू देत नाही. ते बघायचे तर दुर्बीण वर, अवकाशात हवी. अशी एक दुर्बीण होती, पण ती म्हातारी झालेली आणि बंद व्हायच्या बेतात. टकळीने अर्जावर अर्ज केले, ज्याच्या त्याच्या पाया पडायची तेवढी बाकी ठेवली आणि शेवटी तिला त्या दुर्बिणीचे शेवटचे काही दिवस मिळाले. दुर्बीण चालवणारा अभियंता फोनवर म्हणाला, "बाई, म्हातारीचं दिशा धरायचं एक चाक अडखळतंय. पण तुमचं काम होईपर्यंत मी तिला पडू देत नाही." आणि खरंच, त्या माणसाने डोळ्यांत तेल घालून ती सांभाळली. टकळी आजही त्याचं नाव निघालं की हात जोडते.

एक्स-रे येतात ते एकेक कण सुटा सुटा, भुरभुर पावसासारखे. त्यातले बहुतेक बोलकीचे. तिचा ठोका लगेच लागला, खणखणीत. अबोलीचा काही केल्या लागेना. टकळीने जिवाचं रान केलं. पुन्हा पुन्हा मोजलं, उलटसुलट मोजलं. पडद्यावर सरळ सपाट रेघ. चढ नाही, उतार नाही. शेवटी तिने कपाळाला हात लावला आणि शोधनिबंध लिहायला घेतला: अबोली एक्स-रेमध्येसुद्धा गप्प आहे.

हे लिहिणं साधं नव्हतं. पुढची नवी दुर्बीण तयार होत होती आणि ती पहिली काही वर्षं कुणाकुणाकडे बघणार, याची यादी ठरत होती. अबोली गप्प आहे असं छापून आलं की ही जोडी त्या यादीतून गेलीच. मिटलेल्या दारापाशी कोण कशाला थांबेल? आणि ते दार लावणार कोण, तर टकळी, जी एकटी त्याच्यासमोर इतकी वर्षं बसून होती. निबंध लिहिताना ती घरात बोलेनाशी झाली. नवऱ्याला वाटलं, आजारी आहे.

त्यांच्या कामात एक रीत असते. निबंध पाठवण्याआधी सगळी मोजणी एखाद्या तिऱ्हाइताने पहिल्यापासून करायची, तुमचं उत्तर न बघता. सहसा हे काम मित्राला देतात आणि मित्र दोन दिवसांत "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो. पण टकळीच्या गटाचे सर फार नेकीचे. त्यांनी ते दिलं दूरच्या एका संस्थेतल्या खडूसला. खडूस हे अर्थात त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका परिषदेत हा टकळीचं सबंध भाषण ऐकून उठला आणि "फार बोललात" एवढंच म्हणून खाली बसला, तेव्हापासून ती त्याला खडूस म्हणत असे. तर हा खडूस आठवडेच्या आठवडे गप्प. टकळी चिडून म्हणायची, "बसलाय अंडी उबवत!" शेवटी सरांनी मुदत घातली. अमुक दिवशी दुपारपर्यंत त्याचं उत्तर नाही आलं, तर निबंध पाठवून टाक.

नेमकं त्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनी टकळीच्या दारात येऊन उभी राहिली. "उद्या माझ्या डोळ्याचं आहे," ती म्हणाली. "मोतीबिंदू. तू येशील का?"

टकळीच्या अगदी ओठावर आलं होतं की वहिनी, उद्याच नको. वहिनीचे मुलगे परगावी होते, टकळीचा नवरा दौऱ्यावर. थोरले दीर दवाखान्याच्या नुसत्या वासाने आडवे होतात, म्हणजे एकीला न्यायचं आणि दोघांना आणायचं. पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की या बाईने इतक्या वर्षांत आपल्याला "येशील का" असं कधी विचारलेलंच नाही. पहिल्यांदाच विचारतेय, आणि दाराला धरून उभी आहे. घाबरलीय बिचारी.

"येणार म्हणजे काय, येणारच," टकळी म्हणाली. रात्रभर मात्र मनातल्या मनात चरफडत राहिली. खोटं कशाला सांगू?

डोळ्यांचा दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, समोर मोठ्या-लहान अक्षरांचा तक्ता आणि थेंब घातलेले लोक डोळे मिटून बसलेले. टकळीने मांडीवर लॅपटॉप उघडला. दुपार झाली होती, खडूसचा पत्ता नव्हता. सरांचा निरोप आला, "पाठव." तिने निबंध चढवला. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात परिचारिकेने वहिनीला हाक मारली.

वहिनी उठली. चष्मा काढून टकळीच्या हातात दिला, चपला काढल्या आणि जाताना तिचं मनगट असं घट्ट धरलं की टकळीला लॅपटॉप तसाच मिटावा लागला.

"दारापर्यंत ये," वहिनी म्हणाली.

दारापर्यंत गेली तर वहिनी हात सोडेना. परिचारिका चांगली होती, म्हणाली, "पडद्यापर्यंत या." पडद्यापाशी खुर्ची दिली. टकळी तिथे बसून तोंडाला येईल ते बोलत राहिली, खालच्या आजोबांच्या गुडघ्याबद्दल, इस्त्रीवाल्याबद्दल, लेकीच्या वसतिगृहातल्या मांजरीबद्दल. डॉक्टर आतून म्हणाले, "चालू ठेवा, पेशंट शांत आहे." सगळं आटोपेपर्यंत ती बोलत होती. निबंध तसाच लटकलेला राहिला.

बाहेर येऊन ती लॅपटॉप उघडते न उघडते तोच फोन वाजला. खडूस.

"पाठवलात?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पाठवतेच आहे. तुम्ही काही कळवलंच नाहीत, मग काय करणार आम्ही, किती दिवस..."

"थांबा. पाठवू नका. तुमची दुसरी चालू आहे."

टकळीला आधी कळेचना. "कोण चालू आहे?"

"दुसरी. सावकाश फिरणारी. ठोका आहे तिचा. बारीक आहे, पण आहे. मला वाटलं माझंच चुकलंय, म्हणून तीनदा केलं. त्यात वेळ गेला."

टकळी मटकन खुर्चीत बसली. आणि बाई गप्प! फोनवर टकळी गप्प, हे पहिल्यांदाच घडत होतं. खडूसला वाटलं, फोन तुटला. "आहात का?" त्याने विचारलं.

"मला का दिसला नाही?"

"ते तुम्ही बघा. पण मला एक विचारायचंय. अर्धा फेरा तुम्ही हाताने मिळवता का?"

आता ही जी चूक आहे ना, ती जगात मोजकी माणसंच करू शकतात. दोघी एकमेकींभोवती फिरतात, म्हणजे एक अलीकडे असली की दुसरी पलीकडे. अलीकडे असलेलीचा उजेड आपल्याकडे आधी पोचतो, पलीकडची थोडी उशिरा. हा उशीर वजा केला नाही तर ठोके एकमेकांत मिसळून सपाट होतात. बोलकी कुठे आहे हे पक्कं माहीत होतं. त्यात अर्धा फेरा मिळवला की अबोलीची जागा निघते. इतकी वर्षं टकळी तो अर्धा फेरा स्वतः मिळवत आली होती, हाताला सवय झालेली. आणि मोजणीच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली तेव्हा ती करणाऱ्यांनी भल्या मनाने ठरवलं की हा अर्धा फेरा आता आपोआप मिळवला जाईल. तसं त्यांनी सूचनेत लिहिलंही होतं. टकळीने सूचना वाचली नव्हती. अर्धा तिने मिळवला, अर्धा प्रोग्रॅमने. दोन अर्धे मिळून झाला पूर्ण फेरा. म्हणजे अबोलीला ती इतके दिवस बोलकीच्या जागी शोधत होती आणि तिथे ती सापडत नाही म्हणून रडत होती.

"अगं बाई!" टकळी इतक्या जोरात ओरडली की थेंब घातलेल्या लोकांनी डोळे उघडले. "अहो, दोनदा झाला! दोनदा मिळवला मी!"

"वाटलंच," खडूस म्हणाला. "मी माझाच जुना प्रोग्रॅम वापरतो. नव्यावर माझा विश्वास नाही."

तिने तिथेच, त्या लांबट खोलीत, एक ओळ खोडून मोजणी पुन्हा लावली. कण काही फार नव्हते, वेळ लागला नाही. पडद्यावरची रेघ हलली आणि तिला एक उंचवटा आला. अगदी लहानसा, पांघरुणाखाली झोपलेल्या मुलाच्या पायाएवढा. टकळी त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. गप्प नव्हती हो ती. हे सगळं चालू असताना तिचं आपलं चालूच होतं. कुणी बरोबर जागी कान लावला नव्हता इतकंच.

खडूस अजून फोनवरच होता. टकळीने नाक पुसलं. "तुम्ही हे स्वतःच्या नावावर छापलं असतंत तरी कुणी काही म्हटलं नसतं," ती म्हणाली. "माझा निबंध जाऊ दिला असतात, मागून स्वतःचा आणला असतात. मला का सांगितलंत?"

प्रश्न त्याला विचित्र वाटला असावा. "मला तपासायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "तपासलं." आणि वर, "सूचना वाचत जा. कंटाळवाण्या असतात, पण वाचत जा. ठेवतो." आणि ठेवलाच. टकळीने त्या दिवसापासून त्याला खडूस म्हणणं सोडलं, म्हणजे निदान प्रयत्न केला. देव त्याचं भलं करो, असली माणसं जागोजागी आहेत म्हणून आपल्यासारख्यांचं निभतं.

तिने सरांना कळवलं. सरांना एवढा आनंद झाला की रागावायचं राहूनच गेलं. लगेच यादी करणाऱ्यांना फोन लावला आणि संध्याकाळी त्यांचा निरोप आला: जोडी यादीत राहील, निबंध नव्याने लिहून द्या. टकळीचा जीव भांड्यात पडला.

पण तो निरोप संध्याकाळचा. त्याआधी परिचारिका वहिनीला बाहेर घेऊन आली होती. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा मिचमिचा. टॅक्सीत बसल्यावर टकळीने सगळं सांगितलं, अर्धा फेरा, खडूस, उंचवटा, सगळं. सांगताना दोनदा रडली आणि एकदा टॅक्सीवाल्याचा खांदा हलवून त्यालाही सांगितलं. त्याने आरशातून बघून "छान झालं, ताई" असं म्हटलं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आज तू माझ्याबरोबर आली नसतीस तर ते पाठवून मोकळी झाली असतीस?"

"दुपारीच. बटणावर बोट होतं माझं. तुम्ही मनगट धरलंत म्हणून."

"हं," वहिनी म्हणाली. मग तिच्या पट्टीखालच्या गालावर किंचित हसू आलं. "डोळा कामी आला म्हणायचा माझा."

टकळीला हसू फुटलं. दोन्ही दारं, दारातली खोकी, दातपडकी लेक, सगळं एकदम दाटून आलं. आजच्या दिवसाचे आभार मानावेत तर ते कालपासून मानायला हवेत, आणि काल म्हटलं की त्याच्या मागचा सगळा डोंगर. "वहिनी," ती म्हणाली, "मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, पण..." आणि घुटमळली. तिला वाटलं, आता वहिनी नेहमीसारखं "असू दे" म्हणेल, विषय मिटेल आणि आपणही सुटू.

वहिनीने मान वळवली. एका डोळ्याने तिच्याकडे नीट बघितलं.

"मग म्हण की," ती म्हणाली.

"अं?"

"सगळ्या जगाशी बोलतेस. मी कधीची वाट बघतेय. म्हण ना."

वहिनीला काही नको असतं, असं टकळीने इतकी वर्षं धरूनच ठेवलं होतं. घरातल्या सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. तिने वहिनीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि दारातल्या खोक्यांपासून सुरुवात केली. तेव्हा आपण किती घाबरलो होतो ते सांगितलं. पोरीला उचलून तुम्ही आत गेलात तेव्हा मी जिन्यात बसून रडले, ते सांगितलं. परदेशात पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिले तेव्हा मनात तुमचंच नाव घेतलं होतं, तेही सांगितलं. मी जे काही झाले ते तुम्ही घर धरून बसलात म्हणून झाले, वहिनी, माझ्या आईनेसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नसतं.

टॅक्सी घरासमोर येऊन उभी राहिली. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं. वहिनी डोळा मिटून ऐकत होती. फक्त शेवटी तिने टकळीचा हात हलकेच दाबला आणि म्हणाली, "ते जिन्यातलं परत सांग."